परत फिरायची मुभा

उर्स्याच्या माझ्या मैत्रिणीकडे सध्या एकच विषय आहे. लेक बारावी सायन्सला आहे आणि तिला पायलट व्हायचंय. वडील कर्जाचा हिशेब मांडतायत. आजी मात्र एकच वाक्य धरून बसल्यात, ‘‘इंदापूरला त्या पोरीचं विमान शेतात पडलं होतं ना?’’

पडलं होतं. 25 जुलै 2022 ला बारामतीहून उडालेलं शिकाऊ विमान कडबनवाडीच्या शेतात कोसळलं. बावीस वर्षांची मुलगी ते एकटीच चालवत होती. गावकरी धावले, किरकोळ जखमांवर निभावलं. पण ‘बाईमाणसाच्या हाती विमान दिल्यावर दुसरं काय होणार’ हे मी तेव्हा माझ्या कानांनी ऐकलं. पुढे 14 सप्टेंबर 2023 ला मुंबईत भर पावसात उतरताना एक छोटं खासगी जेट धावपट्टीवरून भरकटलं आणि मोडलं. सुदैवाने आतले आठही जण वाचले. त्याचे दोन्ही वैमानिक पुरुष होते. तेव्हा कुणी ‘पुरुषांच्या हाती...’ म्हटलं नाही, बरं का!

मैत्रिणींनो, विमान उतरवणं हेच मुळात अवघड काम. उड्डाणातला हा सगळ्यात थोडा वेळ, पण अपघातांचा मोठा वाटा याच वेळातला. आपली स्कूटी वेग वाढला की हाताबाहेर जाते. विमानाचं उलट असतं. वेग फार कमी झाला आणि नाक वर राहिलं, की पंखांना हवा उचलून धरत नाही. ते एकदम खाली बसतं. उंचावर असताना नाक खाली करून वेग परत मिळवता येतो. जमिनीपासून पन्नास फुटांवर तेवढी जागाच नसते. त्यात आडवा वारा आला तर दोन माणसांचं, मारुती कारच्या वजनाचं ते विमान कडेला ढकललं जातं. कधी चाकं टेकून विमान चेंडूसारखं उसळतं. शिकाऊ हात घाबरून नाक खाली दाबतो आणि पुढचं चाक आपटतं.

यावरचा उपाय मात्र शिकवणीत पहिल्यापासून सांगतात. काही बिनसतंय असं वाटलं, तर हट्टानं टेकवायचं नाही. इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा, वर जायचं, एक फेरी मारून पुन्हा यायचं. यात नापास होणं नाही, कमीपणा तर नाहीच नाही.

आता सांगा, आपल्या मुलींना हे कुणी शिकवलंय? त्यांनी ऐकलेलं असतं ते ‘सुरू केलंस ना, मग निभाव’, ‘लोक काय म्हणतील’. सासरी असो की नोकरीत, परत फिरणं म्हणजे हार. त्यात विमानाच्या शिक्षणाला लाखो रुपये लागतात, परवान्यासाठी 200 तास उड्डाण भरावं लागतं, एकेका तासाला पैसे. अशा वेळी ‘आज वारा बरा नाही, मी उडत नाही’ असं म्हणायला किती बळ लागत असेल! हप्ते भरणारे बाबा डोळ्यांसमोर असताना?

सरला ठकराल यांनी 1936 साली साडी नेसून विमान चालवलं. बाईला हे जमतं का, हा प्रश्न तेव्हाच निकालात निघाला. माझी काळजी वेगळी आहे.

मैत्रिणीला मी एवढंच सांगितलं, की संस्था बघायला जाशील तेव्हा इमारत आणि कँटीन बघून येऊ नकोस. विमानांची देखभाल कोण करतं, एका शिक्षकाकडे किती मुलं आहेत, आणि एखाद्या मुलीनं हवामान बघून उड्डाण नाकारलं तर तिला काय ऐकावं लागतं, हे विचार. जमल्यास तिथल्याच दोन मुलींना बाजूला घेऊन विचार.

परवा तिचा फोन आला. शनिवारी दोघी जाणार आहेत. आजींनीही आपला प्रश्न दिलाय सोबत: ‘‘माघारी फिरल्यावर पेट्रोल पुरतं का, ते नीट विचारा.’’