थेंब कुणाला दिसतो?

थेंबे थेंबे तळे साचे, ही आम्हा बँकवाल्यांची लाडकी म्हण. बचतीचे महत्त्व सांगताना ती हमखास तोंडी यायची आणि समोरचा खातेदारही मान डोलवायचा. पण ज्या वाटेने तळे साचते, त्याच वाटेने ते रितेही होते, हे काही कुणी सांगत नाही. म्हणीची ही दुसरी बाजू आज घरोघरी न्हाणीघराच्या भिंतीवर टांगलेली दिसते. तिचे नाव गळका गिझर.

विषय किरकोळ वाटेल, पण आधी हिशेब तर मांडू या. सेकंदाला एक थेंब आणि वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर दिवसाला सव्वाचार लिटर आणि वर्षाला दीड हजार लिटरहून अधिक पाणी मोरीत जाते. तेही तापवलेले! हे पाणी चाळीस अंशांनी तापवायचे तर वर्षाकाठी सत्तरेक युनिट वीज लागते. येलदरी, सिद्धेश्वर, इसापूर अशी धरणे आपल्या आसपास आहेत खरी. तरी टंचाईच्या वर्षी गावे टँकरची वाट पाहतात. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे मराठवाड्याचा माणूस कसा विसरेल?

गिझरच्या आधी घरात तांब्याचा बंब होता. पोटात तुराट्या-पऱ्हाट्या घालायच्या, वरून धूर निघायचा, आणि सकाळभर सगळ्यांच्या अंघोळी उरकायच्या. बंबही गळायचा. पण तो गळू लागला की विस्तव चर्र करून विझायचा आणि सगळे घर ओरडायचे. मग त्याच दिवशी बंब कारागिराकडे जायचा, सांधून यायचा. शिवाय त्याचे तोंड उघडे. वाफ कोंडून राहण्याचा प्रश्नच नव्हता. गिझर मात्र बंद पेटी. आत काय चालले आहे ते कळत नाही, आणि गळू लागला तरी तो पाणी तापवतच राहतो. म्हणून आपणही निवांत राहतो.

गळतीचे ढोबळ तीन प्रकार आहेत, आणि ते ओळखण्यासाठी इंजिनिअर असावे लागत नाही. नळीच्या जोडातून गळत असेल, तर वायसर किंवा नळी बदलून काम भागते. खालच्या झाकणाच्या कडेने गळत असेल, तर आतले रबरी गॅस्केट गेलेले असते. तेही बदलता येते. पण टाकीचा पत्राच आतून गंजून गळू लागला, तर दुरुस्तीचा नाद सोडावा. बोअरच्या जड पाण्यातले क्षार कॉइलवर चुन्यासारखे बसतात. पाणी साठ अंशांपुढे तापवले तर आणखी लवकर बसतात. पत्रा गंजू नये म्हणून पुष्कळ गिझरमध्ये मॅग्नेशियमची एक कांडी असते. ती स्वतः झिजते आणि टाकीला वाचवते. घरातल्या आईसारखीच तिची गत: संपत आली तरी कुणी विचारत नाही. वर्षा-दोन वर्षांनी ती तपासून बदलली, तर टाकीचे आयुष्य वाढते.

याखेरीज एक गळती अशी आहे, की जी थांबवणे हाच गुन्हा. पाणी तापले की फुगते. पंचवीस लिटर पाणी वीस अंशांवरून साठ अंशांवर गेले, की पावणेचारशे मिलिलिटरने वाढते. मागे फिरायला वाट नसेल, तर ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब थेंब बाहेर पडते. गिझर तापत असताना व्हॉल्व्ह थोडा टपकला, तर तो आपले काम करतो आहे असे समजावे. पाणी गार असतानाही टपकत राहिला किंवा वाफ सोडू लागला, तर मात्र कारागिराला बोलवावे. फरशी ओली होते म्हणून काही घरांत त्या व्हॉल्व्हच्या तोंडात चक्क बोळा कोंबतात किंवा बूच मारतात. उद्या थर्मोस्टॅट बिघडला आणि पाणी उकळत राहिले, तर त्या वाफेने जायचे कुठे? एक लिटर पाण्याची सोळाशे लिटरच्या वर वाफ होते. टाकी फुटली, तर आत अंघोळ करणाऱ्याचे काय होईल, हे लिहवत नाही.

खरा प्रश्न पुढेच आहे. हा थेंब आधी कुणाला दिसतो? फरशी पुसणाऱ्या बाईला. ‘अहो, गिझर गळतोय,’ असे ती सांगते. ‘बघू,’ असे उत्तर येते. आठवड्याने ती पुन्हा सांगते, पुन्हा ‘बघू’. तिसऱ्यांदा ती सांगत नाही. खाली बादली ठेवते. आपल्या घरांत पाहणारी एक आणि पैसे खर्च करणारा दुसरा, अशी वाटणी आहे. गिझर या वाटणीमुळे गळत राहतो. आणि एकटा गिझरच कशाला? छताची ओल, विजेच्या बोर्डावरची ठिणगी, आईचा गुडघा, सगळे ‘बघू’च्या खात्यावर जमा होते. त्या खात्यावर व्याज फार जबर चढते. शेवटी आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

बँकेच्या ताळेबंदात घसारा नावाचा एक रकाना असतो. वस्तू झिजणार हे गृहीत धरून तिची किंमत दरसाल कमी केली जाते. घराच्या हिशेबात मात्र हा रकाना नसतो. वस्तू घेताना पेढे वाटतो, पण तिच्या देखभालीचे शंभर रुपये दंडासारखे वाटतात. आयटीआयमध्ये हे काम शिकून आलेल्या मुलाशी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो, आणि ज्याच्या हाती घराचा जीव सोपवायचा त्याला दारातच उभे ठेवतो.

माझे म्हणणे एवढेच, की ज्याला थेंब दिसतो त्याला कारागीर बोलावण्याचा अधिकार असावा, आणि त्यासाठी दरमहा थोडी रक्कम स्वयंपाकघरातल्या डब्यात वेगळी पडावी. परवानगी नको, ‘बघू’ नको. गिझर गळताना दिसला, की कोरड्या हाताने मुख्य बटण बंद करावे, मग त्याला येणाऱ्या पाण्याची चावी फिरवावी आणि जाणत्या माणसाला बोलवावे. अर्थिंग ठीक आहे का, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

यासाठी मुहूर्तही आपल्याकडे तयार आहे. खंडेनवमीला आपण हत्यारे पुजतो, दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालतो. त्याच दिवसांत गिझर एकदा उघडून तपासून घ्यावा. पुढे थंडी असते, आणि दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला सगळे घर त्याच गिझरखाली जाणार असते. हार नाही घातला तरी चालेल. व्हॉल्व्हमधला बोळा तेवढा काढावा.