रक्त ‘अशुद्ध’ नसते

शेंदूरजनाघाटच्या संत्राबागांत राबणारी एखादी बाई पाळीत आठ-दहा दिवस अंगावरून जात असूनही दवाखान्याची पायरी चढत नाही. ‘खराब रक्त आहे, निघून गेलेलं बरं,’ असे घरातल्या मोठ्या बाया सांगतात आणि तिलाही ते पटते. या समजाला बळ देणारा शब्द म्हणजे ‘अशुद्ध’.

जुन्या मराठीत ‘अशुद्ध’ या शब्दाचा एक अर्थच रक्त असा होता. पुढे शाळेत धमन्यांतले रक्त शुद्ध आणि शिरांतले अशुद्ध, असे शिकवले गेले. प्रत्यक्षात हा फरक मुख्यतः ऑक्सिजनच्या कमी-अधिक प्रमाणाचा आहे. फुप्फुसातून फिरून आले की तेच रक्त पुन्हा लालभडक होते. रक्तदानातही शिरेतलेच रक्त घेतात आणि त्यावर रुग्णांचे प्राण वाचतात.

वैद्यकात अशुद्धी म्हटली की ती कशाची आणि किती, हे सांगावे लागते. मूत्रपिंडे निकामी झाली की रक्तात युरिया, क्रिएटिनिन साठते. ते मोजता येते, डायलिसिसने कमीही करता येते. पाळीच्या रक्तात असे विष नसते. ते नेहमीचेच रक्त असते, सोबत गर्भाशयाचे अस्तर असते. ते जास्त गेले तर शरीरातले लोह मात्र घटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के महिलांत रक्तक्षय आढळला. ‘रक्त साफ’ करणाऱ्या बाटल्यांनी ही तूट भरून निघत नाही.

याच जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगेबाबांनी हातात खराटा घेतला तो गावातल्या घाणीसाठी. माणसाचा विटाळ त्यांनी कधी मानला नाही. पाळीतही तेवढाच भेद हवा. कपडा स्वच्छ धुऊन उन्हात वाळवावा. बाईला मात्र दूर बसवू नये.

रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालला, मोठ्या गाठी पडल्या किंवा थोड्या कामाने धाप लागली, तर हिमोग्लोबिन तपासावे. गर्भवती नसलेल्या स्त्रीत ते १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजावा. पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर कर्करोगाची शक्यता तपासण्यासाठी लगेच डॉक्टरांना दाखवावे. लोहाच्या गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. गोळी चहासोबत घेऊ नये, संत्र्यासोबत घ्यावी. त्यातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह चांगले शोषले जाते.