भायले कोण? घर कुणाचे?

गोव्यात हल्ली दोन माणसे एकत्र आली की पाचव्या मिनिटाला जमिनीचा विषय निघतो. कुणाच्या वाड्यावरचा डोंगर कापलेला असतो, कुणाच्या शेतात रात्रीतून माती पडलेली असते, कुणाच्या शेजारच्या भाटात दिल्लीवाल्याचा बंगला उठलेला असतो. चर्चेचा शेवटही ठरलेला. 'भायल्यांना जमीन विकायला बंदी घालणारा कायदा हवा!' सगळे माना डोलवतात, चहा संपतो आणि लोक आपापल्या घरी जातात.

असा कायदा आपल्या देशात आहे. चांगला पन्नास वर्षांहून जुना, आणि आपण मागतो त्यापेक्षा कितीतरी कडक. तो जिथे लागू आहे तिथे काय झाले हे मात्र आपल्यापैकी कुणी पाहायला जात नाही. म्हणून आज आदिलाबादविषयी लिहितो आहे. तेलंगणाच्या उत्तर टोकाचा हा जिल्हा. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ आणि चंद्रपूर. आदिलाबादच्या बाजारात मराठीत बोलून सगळे काम भागते. निजामाच्या राज्यात हा मुलूख एकच होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा आपल्याकडे आले, बाकीचा आंध्रात गेला. २०१६ साली जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले.

या मुलखाचे मूळ मालक गोंड आणि कोलाम. 'जल, जंगल, जमीन' ही घोषणा ज्याच्या नावाशी जोडलेली आहे तो कुमरम भीम इथलाच. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात निजामाच्या पोलिसांनी त्याला मारले. मग निजाम सरकारला जाग आली. हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाला पाचारण करण्यात आले. गोंड का चिडले हे त्याने शोधून काढले, आणि त्याच्या सल्ल्याने १९४० च्या दशकात हजारो गोंड कुटुंबांना जमिनीचे पट्टे मिळाले. वरातीमागून घोडे खरे, पण घोडे आले तरी!

पुढे १९५९ साली आंध्रात अनुसूचित क्षेत्रातील जमीन हस्तांतराचा नियम झाला, १९६३ साली तो तेलंगणाला लागू केला गेला आणि १९७० साली त्याला दात बसवले गेले. तिकडे त्याला 'वन-सेव्हंटी' म्हणतात. म्हणजे १९७० चा पहिला नियम. तो सांगतो की या क्षेत्रातली जमीन आदिवासीखेरीज कुणालाही विकता येणार नाही. बिगर-आदिवासीसुद्धा आपली जमीन दुसऱ्या बिगर-आदिवासीला विकू शकणार नाही. बिगर-आदिवासीच्या ताब्यात जमीन दिसली तर ती मुळात आदिवासीकडूनच आली असे गृहीत धरायचे, आणि तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी ताबा असणाऱ्याची. १९८८ साली सर्वोच्च न्यायालयानेही हा नियम उचलून धरला. गोव्यात इतका कडक कायदा मागायची आपली छाती तरी होईल का?

आता त्याचे काय झाले ते पाहा. हायमेनडॉर्फ १९७० च्या दशकात पुन्हा त्या भागात फिरला, तेव्हा आपल्या डोळ्यांदेखत पट्टे मिळालेल्या गोंडांची जमीन गेलेली त्याला दिसली. रस्ते झाले, कापसाला भाव आला आणि माणसे आली. विक्री कायद्याने बंद होती, म्हणून व्यवहार साध्या कागदावर झाले. तिथे त्याला 'सादा बैनामा' म्हणतात. नोंदणी नाही, मुद्रांक नाही, दोन साक्षीदार आणि एक अंगठा. कुणी कर्जापोटी जमीन कसायला घेतली आणि परत केलीच नाही. कुणी नावापुरता आदिवासी मालक उभा केला. अविभक्त आंध्र प्रदेशच्या अनुसूचित क्षेत्रातली जवळपास निम्मी जमीन बिगर-आदिवासींच्या हाती असल्याचे सरकारी कागदपत्रांतच नोंदले गेले. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला याच जमिनीच्या प्रश्नावर गोंड जमले आणि पोलिसांनी गोळ्या घातल्या. सरकारी आकडा १३ मृतांचा. लोक सांगतात तो आकडा कितीतरी मोठा आहे.

आणि आता जरा मन घट्ट करून पुढचे वाक्य वाचा. ही जी माणसे आली, त्यांतली पुष्कळशी पैनगंगेच्या अलीकडून आली. म्हणजे मराठी बोलणारी. आदिलाबादच्या गोंडाच्या लेखी 'भायले' आपणच!

मला माहीत आहे, इथे काही वाचक रागावतील. 'ती गरीब शेतकरी माणसे होती, पोटासाठी गेली, दोन-तीन पिढ्या राबली, आता त्यांनी जायचे कुठे?' अगदी बरोबर आहे. पण मग हाच प्रश्न झुआरीनगरच्या झोपडीत राहणारा कन्नडिगा विचारतो तेव्हा आपल्या कपाळाला आठ्या का पडतात? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, हा न्याय जमिनीच्या बाबतीत चालणार नाही. नियम करायचा तर तो मडगावलाही लागू व्हावा आणि उटनूरलाही.

अनुसूचित क्षेत्रातून बाहेर पडून आदिलाबाद शहरात आलो की दुसरा अंक सुरू होतो. इथे 'वन-सेव्हंटी' नाही, म्हणून जमिनीला पंख फुटलेले. २०११ च्या जनगणनेत नगरपालिकेच्या हद्दीत सुमारे १ लाख १७ हजार माणसे होती आणि लगतची उपनगरे धरून सुमारे १ लाख ३९ हजार. म्हणजे शहर वाढले ते हद्दीबाहेर, मावळा-दसनापूरच्या बाजूला. हमरस्त्याच्या कडेने कापसाची शेते एकेक करून 'व्हेंचर' झाली. व्हेंचर म्हणजे काय? शेतात पांढरे दगड रोवायचे, मध्ये मुरुमाचा रस्ता ओढायचा, वर कमान उभारायची आणि गजाच्या भावाने प्लॉट विकायचे. गटार नंतर, पाणी नंतर, परवानगी तर त्याहून नंतर.

आणि परवानगी येतेच! २००७ साली बेकायदा ले-आउट नियमित करण्याची योजना आली. २०१५ साली पुन्हा आली. २०२० साली तिसऱ्यांदा आली, आणि त्या वेळी राज्यभरातून सुमारे २५ लाख अर्ज आले. २५ लाख! एखाद्या राज्यात २५ लाख प्लॉट बेकायदा असतील तर बेकायदा कोणाला म्हणायचे? प्लॉट घेणाऱ्याला की नियोजन करणाऱ्या सरकारला? ते अर्ज वर्षानुवर्षे पडून राहिले, आणि २०२५ साली ते निकालात काढण्यासाठी सरकारने शुल्कात २५ टक्के सूट जाहीर केली. दर वेळी सांगितले जाते की ही शेवटची संधी. शेवटची संधी इतक्यांदा येत असेल तर तिला शेवटची म्हणणारा एक तर भाबडा असतो, नाही तर प्लॉट विकणारा.

मग सरकारचे गृहनिर्माण धोरण काय करत होते? ते घरे मोजत होते. २००६ साली अविभक्त आंध्रात 'इंदिरम्मा' योजना आली. २०१४ साली राज्य वेगळे झाल्यावर नव्या सरकारने तिच्यातल्या गैरव्यवहारांची सीआयडी चौकशी लावली, कारण कागदावर बांधलेली कित्येक घरे जमिनीवर सापडत नव्हती. मग २०१५ साली नवी घोषणा झाली : गरिबाला ५६० चौरस फुटांचे दोन खोल्या-हॉल-स्वयंपाकघराचे घर, फुकट. कल्पना सुंदर होती, यात शंका नाही. सुमारे २ लाख ९१ हजार घरे मंजूर झाली. २०२३ साली सरकार बदलले तेव्हा त्यांतली निम्मी जेमतेम उभी होती, आणि उभी राहिलेलीही बरीचशी वाटपाविना रिकामी. २०२४ साली पुन्हा 'इंदिरम्मा', या खेपेला ५ लाख रुपयांची मदत. पण पहिल्या फेरीत ती कुणाला? ज्याच्याकडे स्वतःची जागा आहे त्याला.

सगळी मेख इथे आहे. घर म्हणजे विटा आणि सिमेंट नव्हे. घर म्हणजे आधी पायाखालची जमीन. एका हाताने बेकायदा व्हेंचर नियमित करून जमिनीचे भाव चढवायचे, आणि दुसऱ्या हाताने जागा असणाऱ्यालाच घराचे पैसे द्यायचे. मग ज्याच्याकडे जागा नाही त्याने काय करावे? त्याने पुढच्या निवडणुकीची, पुढच्या योजनेची वाट पाहावी. विक्री बंद करणारा कायदा, बेकायदा ते कायदेशीर करणारी योजना आणि घरे मोजणारे खाते, हे तिघे एकाच सरकारात असून एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत.

आता आपल्याकडे वळू. २००६ साली प्रादेशिक आराखड्याविरुद्ध गोवा पेटला आणि २००७ साली सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला. आपण जिंकलो असे वाटले. मग २०२३ साली नगर नियोजन कायद्यात १७(२) आले, २०२४ साली ३९-अ आले, आणि आराखडा न बदलता एकेक सर्व्हे नंबर बदलण्याची वाट मोकळी झाली. बेकायदा बांधकामे नियमित करण्याचा कायदा २०१६ चा. २०२५ साली 'म्हजें घर' आले. त्यात कोमुनिदाद आणि सरकारी जमिनीवरच्या जुन्या घरांनाही मालकी देण्याची तरतूद आहे. व्हेंचर म्हणा की सेटलमेंट झोन म्हणा, कमानीवरची पाटी तेवढी वेगळी.

मी गरिबाचे छप्पर उतरवा असे म्हणत नाही. उलट, ते कसे वाचवायचे हे आपल्याला फार पूर्वीच कळले होते. १९७५ चा मुंडकार कायदा आठवा. भाटकाराच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मुंडकाराला त्याने संरक्षण दिले, कारण तो तिथे राहत होता. राहणाऱ्याचा हक्क वेगळा आणि विकणाऱ्याचा नफा वेगळा, ही साधी रेघ त्या कायद्याने ओढली होती. आदिलाबादच्या योजनांत ती रेघ पुसली गेली, आणि आपणही खोडरबर हातात घेऊन बसलो आहोत. चार पिढ्यांचे घर आणि गेल्या वर्षी दगड रोवलेला प्लॉट एकाच अर्जाने, एकाच शुल्काने नियमित होत असेल, तर तो न्याय गरिबाच्या नावावर चाललेला धंदा आहे.

म्हणून भायल्यांना बंदी मागणाऱ्या माझ्या मित्रांना मी सांगतो : कायदा जरूर मागा, पण आदिलाबाद पाहून मागा. जमिनीच्या नोंदी साफ नसतील तर कडक कायद्याखालीही सादा बैनामा चालतो. ग्रामसभेचा शब्द अंतिम नसेल तर मामलेदाराच्या टेबलावर गाव विकला जातो. आणि 'शेवटची संधी' देणारे सरकार असेल, तर कुंपणच शेत खाते. मुख्य म्हणजे, आपल्यातलाच कुणी कमिशन घेऊन दारात गिऱ्हाईक आणतो तोवर भायल्याला शिव्या घालून काय होणार?

तिकडे गोंडाने अंगठा दिला, कारण त्याला वाचता येत नव्हते. आपण वाचून, समजून, पेन काढून सही करतो. सांगा पाहू, जास्त अडाणी कोण?