शेंडेनक्षत्राची धूळ

विठ्ठलवाडीहून एका वाचक भगिनीनें आम्हांस विचारलें आहे कीं, गच्चीवरील धुळींत लोहचुंबक फिरविला असतां त्याला चिकटणारे काळे कण शेंडेनक्षत्रांपासून आलेले असतात असें चिरंजीव म्हणतात, तें कितपत खरें?

चिरंजीवांचें म्हणणें अगदींच खोटें नाहीं. पण विठ्ठलवाडीस तें सिद्ध करणें कठीण. एकीकडे आगगाडीचा रस्ता, दुसरीकडे उल्हासनगरचे कारखाने. ब्रेकांचें झिजलेलें लोखंड, वेल्डिंगच्या ठिणग्या, इतकेंच काय, दिवाळीचे फटाके यांपासूनहि तसेच बारीक गोळे बनतात आणि चुंबकाला बहुधा तेच चिकटतात. तरी ओस्लो, पॅरिस, बर्लिन या शहरांतील छपरांवरच्या कचऱ्यांतून खरोखरीचे सुमारें ५०० आकाशकण वेंचल्याचें २०१७ सालीं प्रसिद्ध झालें आहे. तेव्हां चिरंजीवांनीं चुंबक टाकून न देतां सूक्ष्मदर्शक मिळवावा, हें उत्तम.

ही धूळ पडते, हें निश्चित. अंटार्क्टिकावरील काँकॉर्डिया तळाजवळचें बर्फ वितळवून ती मोजण्यांत आली. २०२१ सालच्या त्या हिशेबाप्रमाणें असे कण दर वर्षीं सुमारें ५,२०० टन भूमीवर उतरतात, व त्यांतील ८० टक्के धूमकेतूंचे असावेत. अमेरिकन विमानांनीं तर सुमारें २० किलोमीटर उंचीवर हे कण चिकट पट्ट्यांवर टिपले आहेत. मोठे करून पाहिल्यास ते काळ्या द्राक्षांच्या घोसासारखे, भुसभुशीत दिसतात.

आमच्या आज्यांच्या काळीं शेंडेनक्षत्र दिसलें कीं राजा मरणार किंवा पटकी येणार, असें धरून चालत. शास्त्रज्ञांचीहि एक समजूत अशीच खोटी ठरली! धूमकेतू हे सूर्यमालेच्या गारठलेल्या कडेला जमलेले बर्फाचे व धुळीचे गोळे. त्यांत सूर्याच्या जन्मापूर्वीची ताऱ्यांची राख मुबलक असणार, असें ते मानीत. २ जानेवारी २००४ रोजीं 'स्टारडस्ट' हें यान वाइल्ड-२ या धूमकेतूजवळून गेलें. एरोजेल नांवाच्या, धुरासारख्या दिसणाऱ्या अत्यंत हलक्या पदार्थांत त्यानें कण झेलले व १५ जानेवारी २००६ रोजीं ते पृथ्वीवर आणून पोंचविले. ताऱ्यांची राख त्यांत फारच थोडी निघाली. उलट सांपडलीं तीं ऑलिव्हीन व पायरॉक्झीन हीं खनिजें, आणि हजार अंशांहून अधिक उष्णतेंतच घडणारे चुन्याच्या व ॲल्युमिनियमच्या संयुगांचे कण. म्हणजे हा माल बाल सूर्याच्या भट्टीजवळ भाजून निघाला, मग दूर नेला जाऊन बर्फांत गोठला. कुल्फींत चुलींतला निखारा सांपडावा, तसेंच हें! २००९ सालीं याच धुळींत ग्लायसीन असल्याचें जाहीर झालें. प्रथिनें ज्या अमिनो आम्लांचीं बनतात, त्यांतील हें सर्वांत साधें.

ग्लायसीन म्हणजे जीव नव्हे. परंतु जीवहि धूमकेतूंबरोबरच पृथ्वीवर आला, असें मत फ्रेड हॉयल व चंद्र विक्रमसिंघे यांनीं पूर्वींच मांडलें होतें. हॉयल यांचे शिष्य, कोल्हापुरास जन्मलेले कै. डॉ. जयंत नारळीकर यांनीं त्यावर नुसता वाद न घालतां परीक्षा घेतली. त्यांच्या नेतृत्वाखालीं २० एप्रिल २००५ रोजीं हैदराबादेहून एक प्रचंड फुगा सोडण्यांत आला. त्याबरोबर ४५९ किलोग्रॅम सामग्री होती. निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्यांत २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवा भरून घेतली. हैदराबाद व पुणें येथील प्रयोगशाळांत तींतून जिवाणूंच्या १२ व बुरशीच्या ६ वसाहती वाढल्या. त्यांत जिवाणूंच्या तीन जाती अगदीं नव्या निघाल्या. एकीस हॉयल यांचें नांव दिलें आहे.

हे जीव आकाशांतून आले असें यावरून ठरत नाहीं, हें 'इस्रो'नें २००९ सालीं स्वच्छ सांगितलें. बहुतेक वसाहती पृथ्वीवरील ज्ञात जातींशीं ९८ टक्क्यांहून अधिक जुळत होत्या, म्हणून ते येथूनच वर गेलेले असावेत, असेंच आम्हांस वाटतें. मात्र त्या तीन नव्या जातींनीं अतिनील किरण आपल्या जवळच्या भाऊबंदांपेक्षां पुष्कळच अधिक सोसले, आणि तें कां, हें अजून कोणी उलगडून सांगावयाचें आहे.