फळी कोणती घ्यावी?

सर्फिंग हे पैसेवाल्यांचे खूळ, असे वर्गातले मित्र म्हणतात. असेलही. पण घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, आणि माझी फी आली ती गोव्यात दोन हिवाळे आतेभावाबरोबर पर्यटकांना लाटेवर उभे राहायला शिकवून. आता स्वतःचा एकच सर्फबोर्ड घेण्याइतकी शिल्लक आहे. लांबी ठरली, सात फूट. वाद आकाराचा आहे.

आतेभावाला निमुळत्या शेपटीची फळी हवी, तळाला माशाच्या परांसारखी दोन पाती असलेली. ती झटकन वळते. २०२१ साली टोकियो ऑलिंपिकमध्ये सर्फिंग प्रथमच आले, तेव्हापासून त्याला वेगाचे वेड.

मी अंडाकृती फळीच्या बाजूचा. गोल नाक, मध्ये रुंद, एकच मोठे पाते. हिवाळ्यातली आमची लाट जेमतेम कंबरेइतकी, दमाने येणारी. रुंद फळी चांगली तरंगते, म्हणून लाट फुटण्याआधीच पकडता येते. वळायला जड, हे मान्य. खवळलेल्या समुद्रात निमुळतीच बरी. पण पावसाळ्यात पाण्यात उतरतो कोण? १ जून ते ३१ जुलै बंदीमुळे बाबांची होडीसुद्धा किनाऱ्यावरच असते.

बाबांना दोन्ही चित्रे दाखवली. त्यांनी गोल नाकावर बोट ठेवले. मग म्हणाले, "एवढ्या पैशांत जाळा येता, म्हायत आसा मा?"

माहीत आहे. तरी घेणार आहे.