दगड छोटा चालेल, पण चिठ्ठी हवी



पाचवी-सहावीच्या वयात बऱ्याच मुलांना दगड गोळा करायचा नाद लागतो. दप्तरात, खिशात, खिडकीत, सगळीकडे दगड. मग घरात दोन तट पडतात. आई म्हणते, फेकून दे तो कचरा. बाबा हौसेने ऑनलाइन ‘रत्नांचा संच’ मागवतात: बारा खणांची पेटी, प्रत्येक खणात एक गुळगुळीत रंगीत खडा. माझं मत विचाराल तर हे दोन्ही उपाय सारखेच वाईट. पहिल्यात नाद मरतो आणि दुसऱ्यात त्याची खरेदी होते.

आपण एकच खनिज घेऊन बोलू, म्हणजे मुद्दा नीट कळेल. खनिजाचं नाव बेरिल. नाव परकं वाटेल, पण पाचू तुम्हाला माहीत आहे. पाचू म्हणजे हिरवं बेरिल. समुद्राच्या पाण्यासारखं निळं बेरिल म्हणजे ॲक्वामरीन, गुलाबी ते मॉर्गनाइट, पिवळं ते हेलिओडोर आणि बिनरंगी ते गोशेनाइट. सगळ्यांची घडण एकच: बेरिलियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन. रंग येतो तो किंचित भेसळीने. लोहामुळे निळा-पिवळा, मँगनीजमुळे गुलाबी, क्रोमियम किंवा व्हॅनेडियममुळे पाचूचा हिरवा. एवढं एक वाक्य मुलांना सांगितलं तरी ‘रंगावरून खनिज ओळखू नये’ हा पुस्तकातला नियम त्यांना पटतो, पाठ करावा लागत नाही.

बेरिलचा स्फटिक दिसतो कसा? न तासलेल्या षट्कोनी पेन्सिलीसारखा. सहा बाजू आणि टोक बहुधा सपाट. गारगोटीच्या जातीचा क्वार्ट्झ स्फटिकही सहा बाजूंचा असतो, पण तो तासलेल्या पेन्सिलीसारखा टोकदार आणि त्याच्या बाजूंवर आडव्या बारीक रेघा असतात. आता कंपासपेटीतला कोनमापक काढा. बेरिलच्या शेजारच्या दोन बाजूंमधला कोन 120 अंश. स्फटिक बोटाएवढा असो की माणसाएवढा, कोन तोच. स्टेनो नावाच्या डॅनिश अभ्यासकाने 1669 मध्ये क्वार्ट्झच्या स्फटिकांवरून ही कोनांची स्थिरता मांडली. भूमितीच्या तासाला वहीतला षट्कोन मोजणं वेगळं आणि जमिनीतून आलेल्या वस्तूवर तोच कोन सापडणं वेगळं. यासाठी महागडा पाचू लागत नाही. राजस्थानच्या अभ्रकाच्या पट्ट्यातला मळकट हिरवा, अपारदर्शक बेरिलचा तुकडा पुरतो. दागिन्याच्या दृष्टीने त्याला काही किंमत नसते.

इथेच सोनार आणि संग्राहक यांच्या वाटा वेगळ्या होतात. सोनाराला खडा हवा, संग्राहकाला स्फटिक. उत्तम नमुना कोणता, हे ठरवताना संग्राहक पाहतो: टोक शाबूत आहे का, बाजू चकचकीत आहेत का, कुठे टवका उडालाय का, आणि तो मूळ खडकावर जसा वाढला तसाच बसलेला आहे का. पाकिस्तानातल्या शिगर खोऱ्याकडचे निळे ॲक्वामरीन पांढऱ्या फेल्डस्पारवर किंवा चंदेरी अभ्रकावर उभे असतात तेव्हा जगभरचे लोक त्यावर जीव टाकतात, ते यासाठीच. पैलू पाडले की खडा सुंदर होतो, यात वाद नाही. पण तो कसा वाढला, शेजारी काय होतं, हे सगळं सहाणेवर जातं आणि परत येत नाही.

ब्राझीलमधल्या मिनास जेराइस राज्यात 1910 मध्ये 110 किलोहून जास्त वजनाचा ॲक्वामरीनचा स्फटिक सापडला होता. त्याचे कापून खडे झाले. त्याच राज्यात 1980 च्या दशकात जवळजवळ मीटरभर लांबीचा एक स्फटिक निघाला. तो हाताळताना पडून त्याचे तुकडे झाले. मोठ्या तुकड्यातून जर्मन कलाकार बर्न्ड मुन्स्टाइनर यांनी ‘दोम पेद्रो’ नावाची, 10,363 कॅरटची शिल्पासारखी वस्तू घडवली. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. ती सुंदरच आहे. तरी मला विचाराल तर 1910 चा तो अखंड स्फटिक आज एखाद्या काचेमागे उभा असायला हवा होता. अंगठ्यांमध्ये विखुरलेल्या त्याच्या खड्यांवरून आज कुणालाच काही शिकता येत नाही.

आता चिठ्ठीकडे येतो, कारण हा लेख खरं तर तिच्यासाठीच आहे.

पाचू दुर्मिळ का? बेरिलियमचा अणू अगदी लहान. तप्त शिलारस थंड होताना नेहमीच्या खनिजांत तो सहसा बसत नाही, म्हणून शेवटच्या उरल्यासुरल्या पाणीदार रसात साठत जातो. त्या रसाचा होतो पेग्मटाइट, म्हणजे मोठमोठ्या स्फटिकांचा ग्रॅनाइटच्या कुळातला खडक. क्रोमियमचं घर मात्र वेगळं, खोलातून आलेल्या काळ्या, जड खडकांत. ही दोन मूलद्रव्यं सहसा भेटतच नाहीत. राजस्थानात पेग्मटाइट अशा काळ्या खडकांत घुसले आणि तिथे पाचू झाला. कोलंबियात गोष्टच निराळी. तिथे ग्रॅनाइटचा संबंध नाही, खारट गरम पाणी काळ्या शेलमधून फिरलं आणि पाचू तयार झाला. म्हणून कोलंबियाच्या पाचूत सूक्ष्मदर्शकाखाली एक इवलीशी पोकळी दिसते, तीत पाणी, वायूचा बुडबुडा आणि मिठाचा स्फटिक. दुकानदार याला ‘दोष’ म्हणेल. अभ्यासकासाठी ते जन्मप्रमाणपत्र आहे.

म्हणजे ‘पाचू’ एवढंच लिहिलेला दगड अर्धा मुका असतो. कुठला, हे कळलं की तो बोलायला लागतो. आणि प्रत्येक दगडात असं जन्मप्रमाणपत्र नसतं. बहुतेकांच्या बाबतीत ती जागा एका कागदाच्या चिठ्ठीवरच लिहिलेली असते. चिठ्ठी हरवली की ती माहिती प्रयोगशाळेतही सहसा परत मिळत नाही. आपल्या शाळांतल्या काचेच्या कपाटात धूळ खात पडलेले दगड आठवा. कुणा सरांनी कधी काळी हौसेने आणलेले. नावं पुसलेली, गावं कुणालाच माहीत नाहीत. ते नमुने तिथेच आहेत, तरी गेलेच म्हणायचे.

बारा खणांच्या पेटीवर माझा राग आहे तो याचमुळे. तीत नाव असतं, राशी असते, ‘बुद्धी वाढते’ असंही असतं, पण गाव नसतं. आणि पुष्कळदा रंगही खरा नसतो. आपल्याच दख्खनच्या खडकातला ओकेनाइट पांढऱ्या कापसाच्या गोळ्यासारखा असतो. तो गुलाबी-निळा रंगवून विकतात. खऱ्या स्फटिकाला गोंदाने दुसऱ्याच खडकावर चिकटवण्याचे प्रकारही होतात. राशीचा खडा वापरावा की नाही हा घराघरातला प्रश्न आहे, त्यात मी पडत नाही. पण विज्ञानाच्या नावाने तो मुलाच्या हाती देऊ नये, इतकं ठामपणे म्हणेन.

आणखी एक गोष्ट, थोडी कडू. झारखंडच्या अभ्रकाच्या पट्ट्यात लहान मुलं ढिगाऱ्यांतून टाकाऊ अभ्रक वेचतात, याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. दगडाचं गाव विचारायची सवय लागली की पुढचा प्रश्न आपोआप येतो: हा काढला कुणी? सातवीच्या वर्गात हा प्रश्न यायलाच हवा. वेचणारी मुलं आपल्या वर्गातल्यांच्याच वयाची असतात.

मुलं हमखास विचारतात, “सर, सह्याद्रीत पाचू का नाही सापडत?” उत्तर वर येऊन गेलंय. आपला काळा पत्थर बेसाल्टचा, सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यात पेग्मटाइट नाही, म्हणून बेरिल नाही. पण हिरमुसायचं कारण नाही. त्याच बेसाल्टच्या पोकळ्यांत झिओलाइट गटातली खनिजं, हिरवं-पांढरं अपोफिलाइट आणि पुण्याजवळच्या वाघोलीचं गडद निळं कॅव्हनसाइट सापडतं. जगातल्या मोठ्या खनिज संग्रहालयांत हे नमुने मानाने ठेवलेले असतात आणि त्यांच्या चिठ्ठीवर जळगाव, नाशिक, वाघोली अशी नावं असतात. आपल्या मुलांनी मात्र ते बहुधा पाहिलेले नसतात. नाशिक जिल्ह्यात सिन्नरला ‘गारगोटी’ हे खनिज संग्रहालय आहे. शिर्डीची सहल नेताना तिथे थांबायला काय हरकत आहे?

भाषेच्या शिक्षकांसाठीही यात एक गंमत आहे. ‘बेरिल’ हा शब्द ग्रीकमधून युरोपात पसरला, पण ग्रीकांनी तो आपल्याकडून, प्राकृतातल्या ‘वेरुलिय’वरून घेतला असं मानतात. म्हणजे आपला वैदूर्य. आज आपण वैदूर्य म्हणतो ते लसण्याला, ती गोष्ट वेगळी. चष्म्याला जर्मन भाषेत जो ‘ब्रिले’ शब्द आहे, तोही याच बेरिलवरून आलेला.

सुरुवात कशी करायची? मिठाईचा रिकामा डबा, कापूस आणि एक शंभर पानी वही. दगडावर कोपऱ्यात पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर क्रमांक घालायचा आणि तोच क्रमांक वहीत. नुसती चिठ्ठी उडून जाते. वहीत लिहायचं: काय आहे असं वाटतं, कुठे मिळालं (गाव, तालुका, ओढा की विहिरीचा मलबा), कधी, कुणी दिलं. विकत घेतलेला असेल तर तेही. “क्र. 7. बेरिल. राजस्थान, भिलवाडा जिल्हा. विक्रेत्याने सांगितलं. गाव माहीत नाही.” यातलं शेवटचं वाक्य मुलं गाळतात. गाळू देऊ नका. अंदाजाने लिहिलेलं गाव हे कोऱ्या जागेपेक्षा वाईट.

काही काळजी घ्यायलाच हवी. लेणी, किल्ले आणि अभयारण्यं इथे हातोडी पिशवीतून काढायची नाही. खाणीत मालकाच्या परवानगीशिवाय आणि मोठ्या माणसाशिवाय जायचं नाही, पावसाळ्यात तर नाहीच. दगड फोडताना डोळ्यांवर गॉगल हवा. बेरिल हातात धरायला सुरक्षित आहे, पण त्याची पूड करू नये, घासू नये. बेरिलियमची धूळ फुप्फुसाला घातक असते. आणि डबा उन्हाच्या खिडकीत ठेवू नका. माशिशे नावाचं गडद निळं बेरिल ब्राझीलमध्ये 1917 च्या सुमारास मिळालं, ते उजेडात ठेवलं की फिकं पडतं. तुमच्या मुलाच्या डब्यात ते असणार नाही, पण असं फिकं पडणारं दुसरं एखादं खनिज असू शकेल.