कंपनी विकली जाते, कोड उरतो

३१ जानेवारी २०२४ रोजी टॅलेंड ओपन स्टुडिओ बंद झाला. २००६ पासून जगभरातल्या अनेक लहानमोठ्या संस्था हे मोफत साधन वापरून आपली विखुरलेली माहिती एका जागी आणत होत्या. २०२३ मध्ये क्लिक या कंपनीने टॅलेंड विकत घेतली आणि वर्षभराच्या आत मोफत आवृत्ती गुंडाळली. तेव्हापासून डेटा इंटिग्रेशनचे साधन निवडायची चर्चा निघाली की हा दाखला हमखास पुढे केला जातो. ‘फुकटच्या भरवशावर राहिले की असे होते. चार पैसे जास्त जाऊ देत, पण मोठ्या कंपनीचे साधन घ्या.’

हा आक्षेप घेणारी माणसे बहुधा जबाबदारीच्या जागेवर असतात. रात्री माहितीचा भरणा अडकला तर फोन त्यांनाच येतो. म्हणून त्यांना नीट उत्तर द्यायला हवे. माझ्या मते टॅलेंडचा दाखला त्यांच्या बाजूने नाही, माझ्या, म्हणजे खुल्या कोडाच्या साधनांच्या, बाजूने आहे.

त्या दिवशी नक्की काय बंद झाले? कंपनीने नव्या आवृत्त्या काढणे थांबवले. पण या साधनाची रचनाच अशी होती की पडद्यावर चौकोन जोडून आखलेल्या कामाचा ते जावा भाषेतला प्रोग्रॅम तयार करून देई आणि तो प्रोग्रॅम स्टुडिओशिवाय स्वतंत्रपणे चाले. ज्यांची कामे आधीच सर्व्हरवर बसली होती, त्यांना ती दुसऱ्या दिवशी चालवायला कोणाची परवानगी लागत नव्हती. कोड अपाचे परवान्याखाली उघडा होता, तेव्हा काही जणांनी तो उचलून टॅलॅक्सी या नावाने पुढे चालू ठेवला. अडचण झाली, धावपळ झाली, हे खरे. पण वर्षानुवर्षांचे काम कोणी कुलूपबंद करून नेले नाही.

आता विकतच्या साधनांकडे वळू. या क्षेत्रातले सर्वांत भारदस्त नाव इन्फर्मॅटिका, स्थापना १९९३. २०२५ मध्ये सेल्सफोर्सने ती सुमारे ८ अब्ज डॉलरना घेतली. म्हणजे भरपूर पैसे मोजूनही मालक बदलायचा तो बदलतोच. मालक बदलल्यावर तुमच्या हातात काय उरते, एवढाच प्रश्न उरतो. बंद कोडाच्या साधनात उरतो करारनामा आणि पुढच्या नूतनीकरणाचा नवा दर.

याच्या शेजारी केटलची हकिगत ठेवून पाहावी. बेल्जियमच्या मॅट कास्टर्स यांनी हे साधन लिहिले आणि २००५ च्या अखेरीस त्याचा कोड खुला केला. पुढच्याच वर्षी ते पेंटाहो कंपनीकडे गेले, २०१५ मध्ये पेंटाहोच हिताचीने घेतली. मोठ्या कंपनीत मूळ साधनाकडे पाहण्याची दृष्टी बदलते, तशी ती इथेही बदलली. मग कास्टर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच कोडला नवी शाखा फोडली. २०२० मध्ये ती अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या छत्राखाली आली. तिचे नाव अपाचे हॉप. केटलमध्ये आखलेल्या जुन्या फायली हॉपमध्ये आयात करता येतात. दोनदा मालक बदलूनही पंधरा वर्षांपूर्वीचे काम नव्या घरी नेता येते, हे मला फार मोलाचे वाटते. बंद साधनांच्या जगात याच्या तोडीचे उदाहरण मला माहीत नाही.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. ‘कोड सगळ्यांना दिसतो, म्हणजे चोरालाही दिसतो.’ डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या खुल्या घटकातला दोष उघडकीस आला आणि जगभर पळापळ झाली, हे मी नाकारत नाही. पण तोच घटक कित्येक महागड्या व्यापारी उत्पादनांच्या पोटातही होता. खुल्या साधनाचे वापरकर्ते कोड उघडून तो आहे की नाही हे स्वतः तपासू शकत होते. व्यापारी उत्पादनाच्या ग्राहकाला कंपनीच्या पत्रकाची वाट पाहावी लागत होती. आणि मे २०२३ मध्ये ज्या मूव्हइटमधून असंख्य संस्थांची माहिती चोरीला गेली, ते फायली इकडून तिकडे पाठवण्याचे विकतचे, बंद कोडाचे साधन होते. उलट अपाचे नायफाय हे खुले साधन जन्माला आले ते अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेत. तिथे ते वापरात होते आणि २०१४ मध्ये त्या संस्थेने ते अपाचेला दिले. ‘हौशी पोरांचे खेळणे’ हा शिक्का त्यावर बसत नाही.

खुल्या साधनांचा पुरस्कार करणाऱ्या काहींशीही माझे पटत नाही. ‘फुकट आहे, घ्या’ एवढेच सांगून ते मोकळे होतात आणि त्यातूनच पुढच्या निराशा निपजतात. सर्व्हर फुकट नसतो, तो सांभाळणारा माणूस तर नाहीच नाही. नायफायची दुसरी मोठी आवृत्ती आली तेव्हा तिला जावा २१ लागू लागले आणि जुन्या आवृत्तीतले टेम्प्लेट रद्द झाले. ज्यांनी आपली सगळी आखणी त्या टेम्प्लेटवर बेतली होती त्यांना ती नव्याने बसवावी लागली. हा खर्च आधी सांगायला हवा. ‘शेकडो कनेक्टर’, म्हणजे निरनिराळ्या प्रणालींना जोडणारे तयार घटक, ही जाहिरातही तशीच. त्यातले तुम्हाला लागणारे दोन-तीन असतात आणि नेमक्या त्यांच्याकडे कोणी बरेच दिवस फिरकलेले नसते.

परवान्याबाबतही सावध राहावे. एअरबाइट हे साधन सुरुवातीला एमआयटी या मोकळ्या परवान्याखाली होते. २०२१ मध्ये त्याचा गाभा इलॅस्टिक परवान्याखाली गेला. स्वतःच्या संस्थेपुरते वापरायला हरकत नाही, पण ते चालवून दुसऱ्यांना सेवा म्हणून विकायला हा परवाना मनाई करतो. कोड दिसतो म्हणून सगळे हक्क मिळाले, असे धरून चालू नये. एका कंपनीच्या मालकीचा उघडा कोड आणि फाउंडेशनच्या ताब्यातला उघडा कोड यांत मी नेहमी दुसऱ्याला झुकते माप देतो, कारण तिथे एका संचालक मंडळाच्या बैठकीत परवाना बदलत नाही.

मग एवढा खटाटोप कशासाठी? आपल्याकडच्या माहितीचे दुखणे आपल्यालाच बरे करावे लागते, यासाठी. एखाद्या पतसंस्थेची सभासदयादी एक्सेलमध्ये आहे, कर्जखाती दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, हिशेब टॅलीत. या तिन्हींची सांगड नावावरून घालायची वेळ आली की कऱ्हाडे या आडनावापाशी काम अडते. संगणकावर हे आडनाव तीन प्रकारे लिहिलेले सापडते. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते. दुसऱ्यात साध्या ‘र’ला नुक्ता जोडलेला असतो. तिसऱ्यात र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही कऱ्हाडे सारखेच दिसतात, यंत्राला मात्र ते तीन निराळे सभासद वाटतात. युनिकोडच्या ठरलेल्या प्रमाणीकरणाने पहिले दोन एक होतात, तिसरा बाहेरच राहतो. गोऱ्हे, वऱ्हाडे यांचेही तेच. त्यात यादी युनिकोडपूर्व काळातल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल तर फॉन्ट काढताच नावांच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांची रांग उरते. ती आधी युनिकोडमध्ये आणावी लागते.

नावे सारखी करण्याचे नियम बंद साधनातही लिहिता येतात, हे मान्य. पण कनेक्टरच मजकूर चुकीचा वाचत असेल तर तिथे तक्रार नोंदवून थांबावे लागते, आणि दूरदेशीच्या कंपनीच्या कामांच्या यादीत कऱ्हाड्यांचा क्रमांक वर लागण्याची शक्यता कमीच. हॉपमध्ये तुमचा प्रोग्रॅमर त्या टप्प्याचा कोड उघडतो, दुरुस्ती करतो आणि ती मूळ प्रकल्पाकडे पाठवतो. ती स्वीकारली गेली की सांगली असो वा सोलापूर, पुढच्या पतसंस्थेला तो त्रास पडत नाही. मराठीत काम करणाऱ्यांना खुल्या कोडाची गरज इतरांपेक्षा जास्त आहे, असे मी म्हणतो ते यामुळे.

आणखी एक गोष्ट कायद्याची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार, माहिती हाताळण्याचे काम बाहेरच्याला दिले तरी जबाबदारी मूळ संस्थेकडेच राहते आणि दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपयांपर्यंत जाते. सभासदांचे मोबाइल क्रमांक आणि थकबाकी कोणाच्या सर्व्हरवरून फिरते आहे, हे आपल्याला ठाऊक असलेच पाहिजे. साधन आपल्या सर्व्हरवर चालत असेल तर हे सांगता येते. नियंत्रण हाती असले की निष्काळजीपणाचा दोषही आपलाच, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

ज्या संस्थेत सर्व्हर सांभाळणारा एकही माणूस नाही आणि तो ठेवायची तयारीही नाही, तिने विकतची सेवा घ्यावी. सॅपसारख्या अवजड प्रणालीतून माहिती काढायची असेल तर व्यापारी कनेक्टर अनेकदा सरस ठरतात, तेही घ्यावेत. फक्त आकारणी कशावर होते ते पाहून सही करावी. काही सेवा दरमहा बदललेल्या ओळींच्या संख्येवर बिल लावतात आणि सभासदांची माहिती एकदा सरसकट दुरुस्त केली की त्या महिन्याचे बिल फुगते.

बाकीच्यांनी खुल्या साधनापासून सुरुवात करावी. आपली खरी, गचाळ यादी त्यात घालून पाहावी. विक्रेत्याची नमुना यादी नेहमीच स्वच्छ असते. आखलेले काम मजकुराच्या फायलींत साठते का, बदलांची नोंद राहावी म्हणून ते गिटमध्ये ठेवता येते का, हे तपासावे. शेवटची आवृत्ती कधी निघाली आणि लोकांनी नोंदवलेल्या दोषांना उत्तरे मिळतात का, तेही पाहावे. किमान दोघांना ते चालवता आले पाहिजे, कारण एकाच्या डोक्यात अडकलेले साधन त्याने नोकरी सोडताच बंद पडते. वाचलेल्या परवाना शुल्काचा काही भाग या माणसांच्या शिक्षणावर खर्च करावा.

सरकारी कार्यालयांतल्या वाचकांना वेगळे सांगायचे आहे. केंद्र सरकारचे खुल्या सॉफ्टवेअरच्या स्वीकाराचे धोरण २०१५ पासून आहे. त्यानुसार ई-प्रशासनाच्या निविदेत खुल्या पर्यायाचा विचार करण्याची अट असायला हवी, आणि पुरवठादाराने तो वगळला तर त्याची कारणे द्यायला हवीत. पुढची निविदा तुमच्या टेबलावर येईल तेव्हा ती कारणे लेखी मागा, आणि मिळेपर्यंत सही करू नका.